खेळणारा कोण, घेणारा कोण?

वस्तू विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, असे काही धंदे असतात. बाळाची गुटी तशी. घरगुती व्हिडिओ गेमही तसाच. खेळते मूल, पैसे देतो बाप, आणि घरात येऊ द्यायचे की नाही ते बहुधा आई ठरविते. विक्रेत्याला तिघांचेही समाधान करावे लागते.

जपानातील निन्टेन्डो कंपनीने हे लवकर ओळखले. १८८९ साली क्योटोत खेळण्याचे पत्ते करण्यापासून तिची सुरुवात झाली. १९८३ साली तिने जे यंत्र काढले त्याचे नावच मुळी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ठेवले. २००६ च्या तिच्या ‘वी’ यंत्रावर तर हात हलवूनच कितीतरी खेळ खेळता येत. आजोबाही खेळू लागले, आणि ती यंत्रे दहा कोटींवर खपली.

आपल्याकडे १९९० नंतर घरोघर आल्या त्या मुख्यतः त्या जुन्या यंत्राच्या नकला. अस्सल यंत्र कामगाराच्या आवाक्यात नव्हतेच. नकलेला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. चिखलीसारख्या गावातील पोराला कंपनीशी काय कर्तव्य? ते ‘मारिओची कॅसेट’ मागे. यंत्र कुठल्याही मार्क्याचे चाले, मारिओ नसला तर चालत नसे. निष्ठा होती ती खेळावर.

हीच गोष्ट ‘लुडो किंग’ची. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने तो २०१६ साली काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत आजीपासून नातवापर्यंत सारे त्यावर बसले. तो फुकट मिळतो. कंपनीच्या पदरात मोठा पैसा टाकतो तो जाहिरातदार, आणि घरची मंडळी आपला वेळ देतात. पण त्या घरात पाऊल टाकायला कंपनीला फारसे कष्ट पडले नाहीत. आपल्या पचिसीवरून बेतलेल्या लुडोचे पेटंट इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले, आणि तो पट पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माजघरात आहे. विश्वास आयताच मिळाला.

या विश्वासावर दुसऱ्यांनीही हात मारला. त्याच पटावर, त्याच चार रंगांत पैसे लावून लुडो खेळविली जाऊ लागली. पगार झाल्याच्या आठवड्यातच हात रिकामे झालेले जवान गडी मला संघटनेच्या कामात भेटले आहेत. त्यांतला एकही स्वतःला जुगारी म्हणवून घेईना. “साहेब, लुडोच तर आहे!” तीन पत्त्यांचा अड्डा असता तर बायकोने पहिल्याच दिवशी भांडण काढले असते, येथे तिने शेजारी बसून फासा पडताना पाहिला.

पैशावरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कायद्याला पैसे लावलेले दिसतात. घरातल्यांना मात्र पटच आधी दिसतो.