खाण डोंगरात, मालक लंडनमध्ये

औद्योगिक क्रांतीचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. धुराडे, वाफेचे इंजिन, सकाळचा भोंगा, फाटकावर हजेरी घेणारा कारकून आणि यंत्रांच्या रांगांमधून फिरणारा मुकादम. व्यवस्थापन नावाची विद्या याच चित्रातून निघाली असे मानले जाते. इंग्लंडच्या कापड गिरण्यांत तिने बाळसे धरले, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी तिला मोठे केले आणि फ्रेडरिक टेलरने हातात स्टॉपवॉच घेऊन तिचे शास्त्र बनवले, असा तिचा वंशवृक्ष सांगितला जातो. उत्तर इंग्लंडमधल्या शिशाच्या खाणींचा कारभार पाहिला की या वंशवृक्षाच्या मुळाशीच शंका येते. रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्यावर चालणाऱ्या सूतगिरणीचा पाया घातला तो 1771 साली. तोपर्यंत 1692 ची सनद असलेली लंडन लेड कंपनी जवळजवळ ऐंशी वर्षांची झाली होती. तिचे संचालक लंडनमध्ये बसत आणि तिच्या खाणी शेकडो मैलांवर डोंगरात होत्या. माझे म्हणणे असे की, कामगारावर नजर ठेवणे अशक्य असल्यामुळेच या खाणींत व्यवस्थापन उभे राहिले, आणि त्याचे मुख्य हत्यार पत्र हे होते.

पहिला गैरसमज मालकीबद्दल आहे. खाणमालक म्हणजे जमिनीचा धनी, तो शेजारच्या वाड्यात राहतो आणि घोड्यावरून फेरी मारून काम पाहतो, अशी कल्पना असते. वस्तुस्थिती बरीच गुंतागुंतीची होती. डर्बीशायरच्या मोठ्या भागात जुन्या रिवाजानुसार जमिनीच्या धन्याचा खालच्या शिशावर हक्कच नव्हता. देवळाचे आवार, बागा आणि रस्ते सोडून कोणीही शीर शोधावी, बारमास्टर नावाच्या अधिकाऱ्याकडे ठरलेल्या मापाने खनिज भरून खाण आपल्या नावे करावी आणि राजाचा हिस्सा देत राहावे, असा तिथला कायदा. वर्कस्वर्थला ठेवलेले 1513 सालचे पितळी प्रमाण माप आजही पाहायला मिळते. खाण पडीक ठेवली तर दुसरा कोणी ती मागू शके आणि तंटे बारमोट नावाच्या न्यायालयात चालत. अशा खाणींचे हिस्से चोविसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या भागापर्यंत विभागलेले असत आणि हिस्सेदार गावोगाव पांगलेले. उत्तरेला ॲल्स्टन मूरची तऱ्हा वेगळी. तिथली जहागीर डरवेंटवॉटरच्या अर्लची. जॅकोबाइट बंडात सामील झाल्याबद्दल 1716 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, जहागीर जप्त झाली आणि 1735 मध्ये ती ग्रीनिच हॉस्पिटलला, म्हणजे लंडनजवळच्या जायबंदी आणि वृद्ध नौसैनिकांच्या संस्थेला मिळाली. म्हाताऱ्या खलाशांच्या पोटापाण्याचा खर्च डोंगरातल्या शिशाच्या पाचव्या हिश्श्यातून भागू लागला. शेजारच्या ॲलनडेल आणि वेअरडेलमधल्या खाणी ब्लॅकेट घराण्याकडे होत्या, पुढे बोमाँट घराण्याकडे गेल्या. त्यांचा व्यवहार न्यूकॅसलच्या कचेरीतून चाले आणि कुटुंब राही ते दूर यॉर्कशायरमध्ये, ब्रेटन हॉलला. थोडक्यात, ज्याचा पैसा अडकलेला, तो बहुधा खाणीच्या तोंडापाशी नसेच.

दुसरा गैरसमज मजुरीबद्दलचा, आणि सगळ्या युक्तिवादाची किल्ली त्याच्यातच आहे. खाणकामगार म्हणजे रोजंदारीवरचा मजूर हे कोळशाच्या खाणींवरून किंवा गिरण्यांवरून घेतलेले अनुमान. शिशाच्या खाणीत काम ठेक्यावर चाले. चार ते आठ जणांची जोडीदार मंडळी तीन महिन्यांसाठी मालकाच्या एजंटाशी ठेका करीत. बोगदा पुढे न्यायचा असेल तर दर वावामागे, खनिज काढायचे असेल तर दर ‘बिंग’मागे, म्हणजे सुमारे 400 किलोमागे, भाव ठरे. समृद्ध जागेला भाव कमी, कठीण आणि निकृष्ट जागेला जास्त. सुरुंगाची दारू, मेणबत्त्या, अवजारांची डागडुजी यांचा खर्च मंडळींच्या नावावर पडे. मग मुकादमाने करायचे काय? अंधारात, मैलभर आत, पाच-पन्नास ठिकाणी दोन-दोन माणसे खडकाशी झुंजत असताना त्यांच्यावर कोण उभे राहणार? प्रत्येक टोकाला पहारेकरी ठेवला तर त्याचा पगार शिशाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचा. ठेक्यामुळे पहारा करायची गरज उरली नाही, पण तिच्या जागी दुसरी, अधिक अवघड अडचण आली. पुढच्या तिमाहीत ही शीर किती देईल याचा अंदाज दोन्ही बाजूंना करावा लागे आणि तो खाणकामगाराला एजंटापेक्षा चांगला करता येई. ठेक्याचा दिवस जवळ आला की चांगली शीर झाकून ठेवणे, ती आटत चालल्याची कुरकूर करणे हे डाव खाणींइतकेच जुने होते. म्हणून एजंट बहुधा स्वतः खाणीत घाम गाळून वर आलेला असे. त्याची खडकाची जाण ही कंपनीची खरी मालमत्ता.

आता एजंटाच्या वरच्या पायरीकडे या. एजंटाला कामगाराचा जो संशय, तोच लंडनच्या संचालकांना एजंटाचा. त्यांनाही शीर दिसत नव्हती, दिसत होते ते एजंटाचे पत्र. पत्रव्यवहार म्हणजे निव्वळ औपचारिकता, खरे निर्णय समोरासमोर होत, हा तिसरा समज इथे गळून पडतो. कोणत्या जागी किती जोड्या लावल्या, ठेका कोणत्या भावाने दिला, भट्टीत खनिजातून शिसे किती उतरले, त्यात चांदी किती निघाली, गावाहून बंदरापर्यंत तट्टांच्या वाहतुकीला काय पडले, हे सगळे पत्रातून आणि सोबतच्या हिशेबपत्रकातून वर जाई आणि वरून येणारे उत्तर हाच हुकूम. प्रत्येक गेलेल्या पत्राची नक्कल कारकून वहीत उतरवून ठेवी. कुठल्या महिन्यात काय आज्ञा दिली होती हे तिच्यावरून दाखवता येई, म्हणजे ही वही कचेरीची आठवण आणि पुरावा दोन्ही होती. 1780 मध्ये जेम्स वॉटने ओल्या पातळ कागदावर पत्राचा छाप घेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, ते अशाच कारकुनी श्रमांना कंटाळून. 1840 मध्ये एक पेनीची टपाल योजना येईपर्यंत टपालखर्च अंतरावर आणि पानांच्या संख्येवर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणारा भरे. त्यामुळे ही पत्रे आटोपशीर, आकड्यांनी गच्च असत. भावनेला जागा अशी नसे, क्वचित रागाला असे.

त्या आकड्यांमागे काय दडले होते याचा एक नमुना म्हणजे वजन. शिशाचा घाऊक सौदा ‘फोदर’ या मापात होई, पण लंडनचा फोदर साडेएकोणीस हंड्रेडवेटचा आणि न्यूकॅसलचा एकवीसचा. एकाच शब्दाने दोन गावी दोन वजने, त्यात भाव दर आठवड्याला हलणारा. डर्बीशायरचे शिसे बॉट्रीच्या नदीबंदरातून, आणि 1777 नंतर चेस्टरफील्डच्या कालव्यातूनही, हल आणि लंडनकडे जाई. व्यापाऱ्याने माल आज विकावा की महिनाभर धरून ठेवावा हा प्रश्न पत्रात सतत येतो. हुंडी किती दिवसांची घ्यावी, ती वटेल ना, ही चिंता त्याच्याच शेजारी. बाजार तर फार लांबवर पसरलेला. ईस्ट इंडिया कंपनी सुरतेच्या वखारीत जो विलायती माल उतरवी त्यात बनातीबरोबर शिसेही असे. लंडनमध्ये भाव पडला की त्याचे पडसाद पत्रातून डोंगरात पोचत आणि पुढच्या तिमाहीचा ठेका खाली येई. भाव, भांडवल आणि खडक यांना एका हिशेबात बसवण्याचे हे काम, मग त्याला व्यवस्थापन म्हणा की आणखी काही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ठेका, जोडीदार, पहारा नाही, हे सगळे ऐकायला फार गोड वाटते, पण हा स्वातंत्र्याचा बुरखा घातलेला कर्जाचा सापळा नव्हता का? सापळ्याचा भाग त्यात होता, हे मान्य केलेच पाहिजे. ठेक्याचा पूर्ण हिशेब बहुधा वर्षातून एकदा होई. तोवर जगायचे ते महिन्याच्या उचलीवर: बोमाँटच्या खाणींत तीस शिलिंग, लंडन लेड कंपनीकडे चाळीस. शीर दगा देऊन गेली की वर्षअखेरीस उचलच कमाईपेक्षा मोठी निघे आणि बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसे. जोखीम कामगाराची, भांडवलाचा धोका मात्र त्यामुळे हलका. तरीही त्या कामगारांना हा ठेका निव्वळ फसवणूक वाटत होता असे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा 1849 च्या ॲलनहेड्सच्या संपात मिळतो. बोमाँटांचा मुख्य एजंट टॉमस सॉपविथ हा मोठा हिशेबी माणूस. त्याने 1822 पासून 1879 पर्यंत लिहिलेली रोजनिशी 168 खंडांची आहे (विमान बनवणारा सॉपविथ हा त्याचा नातू). त्याने ठरवले की खाणीत आठ तासांची पाळी प्रत्यक्ष भरते की नाही यावर माणसे लावून लक्ष ठेवायचे. कामगार बिथरले ते मजुरीच्या आकड्यावरून नव्हे. आम्ही ठेकेदार आहोत, शिशाचा भाव ठरला आहे, आमचे तास मोजणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. संप कित्येक आठवडे चालला, अखेर मोडला, आणि अनेक कुटुंबे अमेरिकेची वाट चालू लागली. ठेक्याच्या व्यवहारात त्यांनी काय जपले होते ते यावरून कळते. गिरणीची शिस्त खाणीत उशिरा आली आणि संघर्ष घेऊन आली.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. लंडन लेड कंपनीवर क्वेकर पंथाच्या भागधारकांचा प्रभाव होता. तिने नेंटहेड गाव वसवले, तिथे शाळा आणि वाचनालय काढले, दुष्काळी वर्षांत धान्य आणून दिले. आर्थर रेस्ट्रिकने 1938 साली तिचा इतिहास लिहिला तेव्हा कामगारकल्याणाची दोन शतके असे त्याचे वर्णन केले. म्हणजे हा कारभार धर्मबुद्धीचा होता, नफ्याचा नाही, असे पुष्कळांना वाटते. धर्मबुद्धी नाकारण्याचे कारण नाही, पण ती हिशेबाच्या आड येत नव्हती. समुद्रसपाटीपासून हजार-पंधराशे फुटांवर, धान्य न पिकणाऱ्या खोऱ्यात खडकाची जाण असलेली माणसे टिकवायची तर घर, शाळा आणि पीठ पुरवावेच लागे. 1820 च्या दशकात मॅकॲडमच्या आखणीनुसार ॲल्स्टनभोवती चाकाची गाडी जाईल असे रस्ते झाले, त्यांच्या खर्चात ग्रीनिच हॉस्पिटल आणि कंपनी यांचा वाटा होता. त्याचा फायदा गावाला झाला आणि शिशाच्या वाहतुकीलाही. दोन हेतू एकाच खर्चातून साधले म्हणून त्यातला एक खोटा ठरत नाही.

वाफ आणि लहान मुले या दोन गोष्टींबद्दल थोडक्यात. न्यूकमेनचे वाफेचे इंजिन डर्बीशायरच्या शिसेखाणींत 18व्या शतकाच्या पूर्वार्धातच पोचले होते, हे खरे. पण उत्तरेच्या पेनाइन डोंगरात कोळसा वाहून नेणे महाग, म्हणून तिथे पाणीच राजा: पाणचक्क्या, खनिज धुण्याचे ओढे, पाणी उपसण्याऐवजी ते वाहून जाऊ देणारे लांब बोगदे. आर्कराइटच्या क्रॉमफर्डच्या गिरणीला शक्ती मिळे ती अंशतः अशाच एका जुन्या बोगद्याच्या पाण्याने. पुढे मीरब्रुक नावाचा अधिक खोल बोगदा झाला, पाणी त्यात उतरले, आणि 1839 मध्ये न्यायालयाने सांगितले की खाणवाल्यांनी सोडलेल्या पाण्यावर गिरणीचा हक्क नाही. गिरणीने खाणीला जन्म दिला नाही, काही वर्षे तिच्या सांडपाण्यावर ती पोसली गेली. मुलांबद्दल म्हणाल, तर कोळशाच्या खाणीत गाड्या ओढणारी पोरे हे 1842 च्या कायद्यामुळे गाजलेले चित्र इथे लागू पडत नाही. उत्तर पेनाइनमध्ये मुले मुख्यतः उन्हाळ्यात, उघड्यावर, थंड पाण्यात खनिज धुवायला असत. हाल कमी होते असे नाही, त्यांची जात वेगळी होती. शिशाच्या खाणींसाठी वेगळा कायदा 1872 पर्यंत आलाही नाही.

उरतो सर्वांत टोकदार प्रश्न. पत्रांवर चालणारा हा कारभार खरेच परिणामकारक होता का? काही वेळा मुळीच नव्हता. ग्रीनिच हॉस्पिटलचे रिसीव्हर (वसुली अधिकारी) म्हणून जॉन स्मीटन, म्हणजे एडिस्टोन दीपगृह बांधणारा थोर अभियंता, ॲल्स्टन मूरचा कारभार पाहत असताना 1776 मध्ये नेंट फोर्स लेव्हल नावाचा बोगदा सुरू झाला. तो पाणी काढील, वाटेत नव्या शिरा गाठील आणि नावेतून मालही नेईल, असा बेत होता. साठ-पासष्ट वर्षे खोदकाम चालले, वहीत खर्चाचे आकडे नीट चढत राहिले, पण शिसे अपेक्षेइतके सापडले नाही. त्याहून मोठा फटका बाहेरून बसला. 1820 च्या दशकात स्पेनमधल्या सिएरा दे गादोरच्या खाणींतून स्वस्त शिसे बाजारात लोटले आणि भाव पार कोसळले. एजंटाच्या कोणत्याही पत्राला त्यावर उपाय नव्हता. पत्राने मालकाला खाण दिसू लागली, तिच्यात काय आहे ते मात्र बदलले नाही. शिवाय नक्कलवहीत कामगाराचा आवाज एजंटाच्या लेखणीतून गाळून आलेला असतो, बहुधा तक्रार म्हणून किंवा आळशीपणाचा दाखला म्हणून, हे वाचणाऱ्याने विसरू नये. तरीही दूरवरच्या भांडवलाचा, न दिसणाऱ्या कामाचा आणि हलत्या बाजाराचा मेळ घालण्याची पद्धत रेल्वेच्या पहिल्या तिकिटाच्या शंभरएक वर्षे आधी इथे रुळलेली होती. व्यवस्थापनाचा इतिहास टेलरपासून सुरू करणाऱ्या पुस्तकाला निदान एक प्रकरण ॲल्स्टन मूरवर घालावे लागेल.