कपिलवस्तूचा विनाश आणि ‘संन्यस्त खड्ग’

वि. दा. सावरकरांचे ‘संगीत संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ साली रंगभूमीवर आले. कोसलाच्या राजाने शाक्यांच्या कपिलवस्तूवर केलेले आक्रमण ही त्याची पार्श्वभूमी. बुद्धाच्या उपदेशाने शस्त्रसंन्यास घेतलेला सेनापती विक्रमसिंह नगरावर संकट येताच पुन्हा खड्ग उचलतो, असा त्याचा कथाबंध आहे. अहिंसेमुळे राष्ट्र दुर्बळ होते, हे त्यातील प्रतिपादन सर्वपरिचित होय. परंतु ते मूळ कथेशी ताडून पाहिले असता एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत ही कथा विस्ताराने आली आहे. कोसलराज पसेनदीने शाक्यकन्येची मागणी केली. कुलाभिमान सोडवत नाही आणि बलाढ्य राजाला नकारही देववत नाही, अशा पेचात शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया ही कन्या राजकुलीन म्हणून पाठविली. तिचा पुत्र विडूडभ (संस्कृत ग्रंथांतील विरूढक) सोळाव्या वर्षी आजोळी गेला. तो निघून गेल्यावर त्याचे आसन ‘दासीपुत्राचे’ म्हणून दूधपाण्याने धुतले गेले. हे कानी येताच, तेच आसन शाक्यांच्या रक्ताने धुण्याची प्रतिज्ञा त्याने केली. बुद्धाने त्याला मार्गावरून तीनदा परतविले. चौथ्या खेपेस तो आडवा गेला नाही.

शाक्य निष्णात धनुर्धर, पण हत्या न करण्याचे त्यांचे व्रत. त्यांचे बाण शत्रूच्या अंगाला न लागता मधल्या फटींतून जात, असे अट्ठकथाकार सांगतो. म्हणजे अहिंसेचे सूत्र नाटककाराने बाहेरून आणलेले नाही. विक्रमसिंह मात्र तेथे नाही. (दातांत गवत धरून उभ्या राहिलेल्या शाक्यांनी ‘हा शाक नव्हे, तृण आहे’ अशा श्लेषोक्तीने असत्य न बोलता प्राण वाचविले, ही त्यातील गंमत भाषाभ्यासकाने आवर्जून पाहावी.)

तथापि नगराच्या विनाशाचे बीज मूळ कथेत व्रतात नसून धुतलेल्या आसनात आहे. शाक्य लढले नाहीत म्हणून त्यांचा संहार झाला खरा, पण शत्रू घडविला तो त्यांच्या जन्माभिमानाने. नाटकाचा सारा भर पहिल्या कारणावर आहे. नाटककाराला दुसरे कारण अपरिचित होते, असे मुळीच म्हणता येत नाही. अस्पृश्यतेवरील ‘उःशाप’ हे नाटक त्याच लेखणीतून १९२७ साली उतरले होते. कपिलवस्तूच्या कथेत हे दोन्ही विषय एकत्र होते. रंगभूमीवर ते दोन नाटकांत विभागले गेले.