कुकर होईपर्यंत मोडी

ठाण्याच्या कोपरीत सकाळ घाईची असते. साडेसातच्या आत डबा भरायचा, पाणी साठवायचं आणि स्टेशनचा पूल गाठायचा. या सकाळीत नवं काही शिकायला मोकळा तास मिळत नाही. पण गॅसवर कुकर चढवल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंत दहा-बारा मिनिटं आपण ओट्यापाशीच असतो. ती मिनिटं मी मोडी लिपीला दिली.

घरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या जमिनीचा एक कागद होता आणि तो वाचणारं घरात कुणीच उरलं नव्हतं. असे कागद ठाणे जिल्ह्यात घरोघरी आहेत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारी दप्तरांतली मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरली आहेत हे सगळ्यांनाच कळलं. यादवकाळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या लिपीत मराठीचा व्यवहार चालला, ती दोन-तीन पिढ्यांत परकी झाली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. वही आणि पेन ओट्याजवळच्या फळीवर ठेवा, कपाटात नको. कुकरचं झाकण लागलं की हात वहीकडे गेला पाहिजे. रोज न चुकता होणाऱ्या कामाला नवं काम बांधलं की ते आठवणीत ठेवावं लागत नाही, जुनं कामच त्याची आठवण करून देतं.

वही उघडली की आधी पानभर आडवी रेघ ओढायची. देवनागरीत आपण अक्षरं लिहून मग वर रेघ देतो. मोडीत रेघ आधी, आणि अक्षरं तिला लटकतात. हात शक्यतो न उचलता एका अक्षरातून पुढच्यात जायचं. पहिल्या दिवशी हात अडखळतो, कारण बोटांची शाळेपासूनची सवय मोडायची असते. या लिपीची काही अक्षरं देवनागरीशी जुळतात, काही तशी भासून फसवतात. म्हणून रोज एकच नवं अक्षर घ्या, दहा वेळा गिरवा. मुळाक्षरं पन्नास दिवसांच्या आत होतात. बाराखडीला मात्र जास्त वेळ द्या, कारण स्वर जोडला की काही व्यंजनांचं रूपच पालटतं.

मग कालचं पान झाकायचं आणि कालचं, परवाचं, आठवड्यापूर्वीचं अक्षर न बघता लिहायचं. ही पायरी गाळू नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की शिकलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की कमी श्रमात टिकतं. नुसतं पुन्हा पाहिलं की येतंय असं वाटतं. आठवून लिहिलं की खरं किती येतं ते कळतं.

शेवटचं मिनिट स्वतःच्या एका ओळीसाठी. मुळाक्षरं होईपर्यंत नाव लिहा, भाजीची यादी लिहा, पुढे रोज एक नवं वाक्य: चेंदणी कोळीवाड्यात वाळत घातलेलं जाळं, खाडीवरून आलेला वास, फलाटावर कानी पडलेलं बोलणं. तारीख घाला आणि पान उलटा. आठवड्याने तीच ओळ वाचायला घ्या. जुन्या मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. आपलीच ओळ आपल्याला कोडं घालते आणि संदर्भावरून अर्थ लावायची सवय होते. जुना कागद वाचताना नेमकं हेच लागतं.

एखादा दिवस चुकेल. गौरी-गणपतीत तर चार-पाच सलग चुकतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांचा अभ्यास केला, तो 2010 साली छापला गेला. एकवीस दिवसांत सवय लागते हे आपण ऐकतो, पण तिथे काम आपोआप व्हायला मधलं माप 66 दिवसांचं आलं. कुणासाठी अंदाज 18 दिवसांचा निघाला, कुणासाठी 254. एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका. दोन अक्षरं एकदम घेतली की दोन्ही कच्ची राहतात.

रविवारी कुकरची घाई नसते. तेव्हा पूल ओलांडून पश्चिमेला मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसावं. विशी ओलांडलेले विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते 1893 साली ठाण्यात उभं केलं. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या भाव्यांनी आयुष्यभर जुन्या पोथ्या-कागदांचा माग काढला.

अक्षरं हाताखाली आली की जुन्या पत्रांची तारीख लावायला शिका, त्यात फार आनंद आहे. पेशवाईतल्या पत्रांत सुहूर सन अरबी शब्दांत असतो, एकं आधी: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. महिना जानेवारीचा असेल तर हाती येतं 1761, पानिपताचं साल.