गुडघ्याची गादी : कापायची की शिवायची?

ओझे उचलून वळताना किंवा उकिडवे बसून उठताना गुडघा पिळवटतो. सूज येते, पाय मध्येच अडकतो. तपासणीत कळते की आतली गादी फाटली. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीसारख्या अशा दोन गाद्या असतात आणि त्या अंगाचा भार झेलतात.

एडिंबर्गचे सर्जन थॉमस अॅनन्डेल यांनी १८८३ साली एका रुग्णाची सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. तो रुग्ण खाणकामगार होता, हे मुद्दाम सांगायला हवे. पुढे मात्र बराच काळ फाटलेली गादी सरळ काढूनच टाकत. अशा गुडघ्यांची झीज होते, हे फेअरबँक यांनी १९४८ साली क्ष-किरणांच्या आधारे दाखवले.

मग सगळ्यांनाच टाके का घालत नाहीत? अडचण रक्ताची आहे. जखम भरायला रक्त लागते, आणि प्रौढ माणसाच्या गादीत ते बाहेरच्या कडेपुरतेच, साधारण १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत पोचते. आतला भाग पांढरा, जवळजवळ रक्तहीन. तिथे टाका टिकणार नाही, असेच मानले जाई.

आता सर्जन तिथे रक्त आणण्याची खटपट करतात. दुर्बिणीतून फाटलेल्या कडा खरवडतात, सुईने बारीक भोके पाडतात, रुग्णाच्याच रक्ताची गुठळी फटीत बसवतात किंवा जवळच्या हाडाला छिद्रे पाडून मज्जेतले रक्त सांध्यात उतरवतात. तरुण वय आणि ताजी, सरळ फाट असेल तर आशा जास्त. तरीही काही टाके सुटतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. उतारवयात झिजून फाटलेल्या गादीची गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा व्यायामानेच भागते.

खरा पेच रोजीचा आहे. तुकडा कापला तर माणूस काही आठवड्यांत कामाला लागतो. शिवले तर कुबड्या येतात, आणि उकिडवे बसणे, जड उचलणे कित्येक महिने बंद. रोजंदारीवर घर चालणाऱ्याला कापून घेणेच सोपे वाटते, त्यात त्याचा दोष नाही. पण पुढची वीस वर्षे त्याच गुडघ्यावर काढायची असतात. शिवता येईल की नाही, हे पुष्कळदा दुर्बीण आत गेल्यावरच ठरते. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे : शिवण्याजोगे निघाले तर शिवाल का, आणि मला किती महिने घरी बसावे लागेल?