राउटर, स्पिंडल आणि बापाची पटाशी

आमच्या जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे लावायची नाहीत, अशी जुनी प्रथा आहे. बाकीच्या गावांनी ती उचलली नाही, म्हणून आम्हा सुतारांचे पोट चालते! शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी अजून नगरच. आणि माझ्या हातात अजून बापाची पटाशी.

अशा माणसाच्या घरात चिरंजीवांनी सी. एन. सी. यंत्राचा घाट घातला. संगणकात कमळ काढायचे, यंत्राने ते सागवानात कोरायचे. "अण्णा, सांगाडा ठरला. राउटर लावायचा की स्पिंडल, तेवढे सांगा." तेवढे सांगा! वाचकहो, मुलीचे स्थळ ठरवतानाही मी इतका गोंधळलो नव्हतो.

राउटर म्हणजे आम्ही हातात धरून फळीच्या कडा गोल करतो ते हत्यार. हलके, स्वस्त, मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेणारे. पैसा थोडा, म्हणून तेच यंत्रावर बांधले. पहिले कमळ झकास उतरले. पण हे हत्यार घटकाभराच्या कामाचे, आणि देव्हाऱ्याच्या महिरपीला लागत पाच-पाच तास. आतले कार्बनचे ब्रश भराभर झिजू लागले. आवाज तर असा, की शेजारच्या दहावीतल्या मुलीची आई एके दिवशी दारात येऊन उभी राहिली. भांडली नाही. नुसते म्हणाली, "अण्णा, परीक्षा पंधरा दिवसांवर आली हो."

परीक्षा संपेपर्यंत यंत्र बंद ठेवले. एक गिऱ्हाईक गेले, पण रात्री झोप लागली.

त्या सुट्टीत स्पिंडलचा अभ्यास झाला. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. व्ही. एफ. डी. नावाची पेटी ती ४०० पर्यंत नेते, तेव्हा स्पिंडल मिनिटाला २४,००० फेरे घेतो. ब्रशची कटकट नाही, दिवसभर चालतो. वेग निम्मा केला की ताकदही साधारण निम्मी होते, म्हणून मोटार जरा मोठी घ्यावी. पंख्याने थंड होणारा स्पिंडल सोयीचा, पण बोलका. पाण्याने थंड होणारा शांत, मात्र पाण्याचा पंप बंद पडला तर मोटार जळायची भीती. शेजारधर्म स्मरून आम्ही पाण्याचाच घेतला, २.२ किलोवॅटचा. तो जड, म्हणून सांगाडाही भक्कम करावा लागला. हिचे भिशीचे पैसे त्यात गेले. आता ऐकू येतो तो फक्त लाकूड कापल्याचा आवाज.

हौसेपुरते काम असेल त्याने खुशाल राउटर घ्यावा. रोजच्या धंद्याला मात्र स्पिंडलच.

माझे काम संपले, असे मनाशी धरून मी ओसरीवर बसलो होतो. तोच चिरंजीव नवी चौकट घेऊन आले. "अण्णा, पाते गोल फिरते, त्यामुळे आतले कोपरे गोलच राहतात. तेवढे काटकोनात करून देता?"

मी चष्मा पुसला आणि पटाशीला धार लावायला घेतली.