वासरू विकलं तर १०२ डॉलर, राखलं तर ३३. अमेरिकेच्या कोरोना मदतीत असं का झालं?

नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीत माणसं साधारण साडेपाच हजार आणि गुरं लाखांत. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे मोठे कत्तलखाने बंद पडू लागले. दुकानात मांस महाग, रँचवर मात्र जनावराला भाव नाही!

१७ एप्रिलला सरकारनं १९ अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले १६ अब्ज थेट शेतकरी-पशुपालकांना.

गोची तारखेत होती. ६०० पौंडांखालचं वासरू १५ जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान विकलं असेल, तर १०२ डॉलर. १६ एप्रिल ते १४ मे या काळात ते आपल्याकडेच असेल, तर फक्त ३३. म्हणजे २०० वासरांमागे एकाला २०,४०० डॉलर, शेजाऱ्याला ६,६००. खरं तर बाजार सुधारेल म्हणून थांबलेल्यालाच पुढची मंदी झेलायची होती.

असं का? पैसा दोन खिशांतून येत होता. झालेल्या विक्रीचं नुकसान संसदेच्या मदत कायद्यातून, पुढच्या विक्रीची झळ कृषी खात्याच्या जुन्या निधीतून. दोन्हींचे दर वेगळे.

सप्टेंबरमधल्या दुसऱ्या फेरीत दर ५५ डॉलर झाला, पण पैदाशीची जनावरं वगळली. चेरी काउंटीत तर बहुतेकांचा धंदाच गाय-वासराचा.

मार्च २०२१ मध्ये राखलेल्या जनावरांसाठी वाढीव रक्कम जाहीर झाली. कत्तलीसाठी पोसलेल्या जनावराला ६३ डॉलर. ६०० पौंडांखालच्या वासराला ७.