ऑप्टोमेट्रीपूर्वीं कोणता विषय घ्यावा?

अमेरिकेंत वाढलेल्या आपल्या एखाद्या मुलीनें ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टि तपासण्याची विद्या, शिकण्याचा विचार बोलून दाखविला, कीं तेथल्या आईबापांपासून पुण्याच्या आजोबांपर्यंत सर्वांपुढें एकच प्रश्न उभा राहतो: मग आधीं कॉलेजांत विषय कोणता घ्यावयाचा? बहुधा थोरल्या काकांचें उत्तर तयार असतें: जीवशास्त्र! हें उत्तर चूकच असतें असें नाहीं. परंतु तें पुष्कळदां विचारावांचून दिलेलें असतें.

गोंधळाचें मूळ आपल्या इकडच्या पद्धतींत आहे. भारतांत विद्यार्थी बारावीनंतर सरळ ऑप्टोमेट्रीच्या चार वर्षांच्या पदवीस जातो. अमेरिकेंत आधीं बहुधा कॉलेजचीं चार वर्षें, नंतर ऑप्टोमेट्रीच्या विद्यालयाचीं आणखी चार, तेव्हां कोठें 'डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री' ही पदवी हातीं येते. (मोतीबिंदु काढणारा नेत्रवैद्य निराळा; त्याची वाट वैद्यकाच्या कॉलेजांतून जाते. वडील मंडळींनीं हा भेद आधींच समजून घेतला, तर पुढले पुष्कळ रुसवेफुगवे टळतील.)

आतां मुख्य गोष्ट. तेथील विद्यालयें कॉलेजांतला मुख्य विषय अमुकच असावा असा आग्रह धरीत नाहींत. इतिहास किंवा संगीत घेतलेली मुलगीहि अर्ज करूं शकते. आग्रह असतो तो ठराविक पूर्वाभ्यासाचा. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायन, पदार्थविज्ञान हे तर हवेतच. शिवाय बहुतेक ठिकाणीं सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी इत्यादि विषयांची जोड लागते. यादी विद्यालयागणिक बदलते. बर्कलेची व बोस्टनची एकच असेल असें समजूं नये. प्रवेशासाठीं ओ. ए. टी. नांवाची जी परीक्षा आहे, तींतहि जीवशास्त्राबरोबर रसायन, पदार्थविज्ञान, गणित व उताऱ्याचें आकलन असतें.

खरी अडचण आहे ती क्रमाची. सामान्य रसायनावांचून सेंद्रिय रसायनास बसतां येत नाहीं, आणि सेंद्रियावांचून जीवरसायनास. त्यांतून प्रयोगशाळेचे तास निराळेच. प्रवेशाच्या आदल्या वर्षीं उन्हाळ्यांत अर्ज सुरू होतात. म्हणजे तिसरें वर्ष संपेतों ही सांखळी बहुतेक पुरी व्हावयास हवी. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीस ती बरीचशी आयती मिळते, संगीताच्या विद्यार्थिनीस स्वतः गुंफावी लागते. तिनें पहिल्या वर्षीं रसायन 'पुढें पाहूं' म्हणून टाळलें, तर अखेरीस एक अख्खें वर्ष वाढतें, आणि तेथल्या एका वर्षाचा खर्च कोणत्याहि घराला जाणवेल असाच असतो.

मग सोयीचें तेंच कां घेऊं नये? ज्या मुलीस जीवशास्त्राची गोडी आहे तिनें तें खुशाल घ्यावें. पण गोडी नसतां केवळ रीत म्हणून घेतलें, तर गुण बेताचेच पडतात, आणि विद्यालयें गुण बारकाईनें पाहतात. शिवाय तिसऱ्या वर्षीं तिचें मन बदललें, किंवा प्रवेशच मिळाला नाहीं, तर तिच्या हातीं उरते ती नावडत्या विषयाची पदवी. विषय असा असावा, कीं ऑप्टोमेट्रीचा बेत फसला तरी त्याच्या बळावर तिला उभें राहतां येईल.

पदार्थविज्ञानाकडे मात्र आमच्या मतें घरोघरीं उगाच दुर्लक्ष होतें. डोळा हें इंद्रिय खरें, तसेंच तें भिंगहि आहे. विद्यालयांत गेल्यावर प्रकाशशास्त्र चुकत नाहीं. आपल्या चष्म्याच्या चिठ्ठींत 'सिलिंडर' म्हणून जो आंकडा असतो, त्या प्रकारचें भिंग 1825 च्या सुमारास जॉर्ज एअरी यानें स्वतःच्याच डाव्या डोळ्यासाठीं योजिलें. त्या डोळ्यास प्रकाशाचा बिंदु रेघेसारखा दिसे. हा एअरी वैद्य नव्हता. केंब्रिजचा गणिती व खगोलवेत्ता होता.

कांहीं कॉलेजांचा विद्यालयांशीं करार असतो; त्यांत तीन वर्षांनींच विद्यालयांत जातां येतें व एक वर्ष वांचतें. ही सवलत मोठी मोहक आहे. परंतु तींत विषयाची मोकळीक फारशी राहत नाहीं, व निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षींच करावा लागतो. अशा करारांत शिरण्यापूर्वीं मुलीनें एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टाच्या परवानगीनें त्याच्या खोलींत आठ-दहा दिवस बसून काम पहावें. दिवसभर अंधाऱ्या खोलींत एकामागून एक माणसांस 'हें भिंग बरें कीं तें?' असें विचारीत राहणें तिला आवडतें कीं नाहीं, हें काकांस पुण्याहून सांगतां यावयाचें नाहीं.